चौतीस प्रबंध आणि चिमूटभर हिंग

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारी बारानंतर कुणाचं वाचनात लक्ष लागत नाही. प्राचार्यांनी यावर एकदा समिती नेमली होती. समितीने मोबाइलला दोष दिला, चहा घेतला आणि समिती संपली. खरं कारण मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण ग्रंथपालाला कोण विचारतो? आमच्या पुस्तकांना हिंगाचा वास येतो. माणूस गंभीर चेहऱ्याने इतिहासाचा ग्रंथ उघडतो आणि त्याला आमटीची फोडणी आठवते. बाराला वाचायला बसलेली मुलं साडेबाराला कॅंटीनच्या रांगेत असतात.

हा वास कासिमभाईंच्या खळीचा. कासिमभाईंचं बाइंडिंगचं दुकान कसबा पेठेत, खाली दुकान आणि वर घर. आमची फाटकी पुस्तकं त्यांच्या वडिलांच्या काळापासून तिकडे जातात. विद्यार्थ्यांचे प्रबंधही तिकडेच जातात: काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत काय आहे ते देव जाणे. गव्हाच्या पिठाची खळ सगळेच बाइंडर शिजवतात, किडीसाठी त्यात मोरचूदही सगळेच घालतात. हिंग मात्र फक्त कासिमभाईंकडे. म्हणून त्यांनी बांधलेल्या पुस्तकाला कसर लागत नाही. इतर दुकानांतून आलेली पुस्तकं आमच्याकडे दहा वर्षांत चाळणी होतात.

कासिमभाईंचं वय सत्तर, बोलणं कमी, आणि कागद कुठल्या गिरणीचा ते अंगठ्याने सांगणार. त्यांची एक सवय आहे. बाइंडरने पानं मोजायची ती शेवटून, पहिलं पान हाताळून मळू नये म्हणून. त्यामुळे कासिमभाईंनी आयुष्यात एकही प्रबंध सुरुवातीपासून वाचला नाही, पण संदर्भसूच्या शेकड्याने वाचल्या. कोण कुणाचा आधार घेतं, कोण कुणाचं नाव टाळतं, कोणत्या दोन प्राध्यापकांचं पटत नाही, हे त्यांना विद्यापीठाच्या आधी कळतं. अशाच एका सूचीत त्यांना एकदा स्वतःचं नाव दिसलं. 'कासिम जिल्दसाज, व्यक्तिगत मुलाखत, कसबा पेठ, १९९८.' त्यांना आधी वाटलं, मतदारयादीचं पान चुकून आत आलंय.

ती मुलाखत अशी झाली होती. हिंमतराव सर तेव्हा सर नव्हते. खांद्याला झोळी अडकवून हिंडणारे संशोधक विद्यार्थी होते. प्रबंध जमा करायचे दिवस, काउंटरवर तीन गिऱ्हाइकं ताटकळलेली, आणि हे विचारताहेत, "हिंगाची ही परंपरा नेमकी कुणापासून?" कासिमभाई म्हणाले, "आमचे पूर्वज मीर हुसेन. सात पिढ्या झाल्या." हुसेन हे त्यांच्या वडिलांचं नाव. मीर त्यांनी वजनासाठी लावलं. एवढं सांगितलं की हा माणूस जाईल, असा त्यांचा अंदाज होता. तो माणूस गेला, आणि त्यावर डॉक्टर होऊन परत आला.

पुढे मीर हुसेन कासिमभाईंच्या हातात राहिला नाही. दुसऱ्या प्रबंधाने त्याला इराणातून आणला. तिसऱ्याने इराणचं मत खोडून काढून त्याला जुन्नरचा ठरवला. चौथ्याने दोन्ही मतांचा आदर राखत थोरले मीर हुसेन आणि धाकटे मीर हुसेन असे दोन केले, म्हणजे भांडण मिटलं. सगळ्यांच्या तळटिपा अखेर हिंमतराव सरांच्या प्रबंधात जात होत्या, आणि सरांची तळटीप कासिमभाईंकडे. गेल्या वर्षापर्यंत असे चौतीस प्रबंध झाले. चौतीसही कासिमभाईंनीच बांधले, हिंग घालून, त्यामुळे ते टिकणार हे नक्की.

हिंमतराव सर आता आमच्या इतिहास विभागाचे प्रमुख. त्यांनी मीर हुसेन यांचा स्मृतिदिन सुरू केला. तारीख विभागाच्या बैठकीत बहुमताने ठरली, कारण खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती आणि डिसेंबरात सभागृह रिकामं असतं. एका हौशी चित्रकाराकडून तैलचित्र करून घेतलं. वंशज म्हणून चित्रासाठी कासिमभाईंनाच बसवलं होतं, त्यामुळे मीर हुसेन हुबेहूब कासिमभाईंसारखे दिसतात, फक्त पगडी जास्त. दर वर्षी कासिमभाई समारंभाला येतात, स्वतःच्या चित्राला हार घालतात, शाल-श्रीफळ घेतात, बटाटेवडा खातात आणि घरी जातात. मी एकदा त्यांना म्हटलं, "कासिमभाई, आता तरी सांगून टाका." ते म्हणाले, "मॅडम, आता सांगितलं तर वाईट दिसेल." पुण्यात वाईट दिसणं हे खोटं बोलण्यापेक्षा भारी पडतं, हे मलाही मान्य आहे. मी गप्प बसले.

मी गप्प बसले, याचा मला पुढे फार राग आला, म्हणून हे लिहिते आहे.

मी जया ओव्हाळ. राहणार खडकी. दर जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना 'संदर्भ कसे शोधावेत' यावर मी तासभर बोलते. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात असतं: 'ऐकीव माहिती म्हणजे आधार नव्हे. छापील पुरावा दाखवा.' वीस वर्षं हीच स्लाइड आहे. दोन वर्षांपूर्वी पहिल्या रांगेत बसून ती उतरवून घेणाऱ्या मुलीचं नाव सुहाना. ती कासिमभाईंची नात. आई-वडिलांबरोबर धायरीला राहते, एम.ए. इतिहास करते. शेवटच्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी तिने विषय घेतला, पुण्यातली पारंपरिक जिल्दसाजी, म्हणजे बाइंडिंग. मार्गदर्शक अर्थातच हिंमतराव सर.

सुहानाने एक गोष्ट केली जी चौतीस लोकांनी केली नव्हती. ती जिना चढून वर गेली. खळ दुकानात शिजतच नाही, ती वर स्वयंपाकघरात शिजते, आणि शिजवते तिची आजी, जैनबभाभी. सुहानाने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "दादी, यात हिंग कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून," भाभी म्हणाल्या. "खडकीला माझ्या माहेरी धान्याच्या डब्यात हिंगाची पुरचुंडी ठेवायचे, किडा लागू नये म्हणून. इथे बघते तर सगळ्या पुस्तकांना कसर. म्हटलं, पीठच आहे ना हे पण? घातला चिमूटभर. सासूबाई ओरडल्या वासाने."

सुहाना धडधडत खाली आली. कासिमभाईंनी मान डोलावली. "तिचंच आहे ते. एकोणऐंशी साली निकाह झाला, त्याच वर्षीचं."

"मग मीर हुसेन?"

"तू बस जरा," कासिमभाई म्हणाले, आणि नातीला सगळं सांगितलं.

सुहानाने चौथ्या प्रकरणात एकच वाक्य लिहिलं: 'खळीत हिंग घालण्याची युक्ती जैनब यांची, १९७९.' सरांनी त्याला लाल शाईने गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'आधार?'

"सर, आजी."

"आजी हा आधार होत नाही," सर म्हणाले. "ओव्हाळ मॅडमनी तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं असेल."

शिकवलं होतं. सरांची अट होती: आधार दे किंवा वाक्य काढ, नाहीतर लघुप्रबंधावर सही नाही. जमा करायची तारीख तीस एप्रिल. सुहानाने कसब्यात जाऊन हे आजीला सांगितलं. भाभींनी ओढणी सारखी केली आणि त्या गॅस बारीक करायला आत गेल्या. पण कासिमभाईंनी त्यांचा चेहरा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धं बंद ठेवून ते कॉलेजात आले. पंचवीस-तीस वर्षांत स्मृतिदिन सोडून ते पहिल्यांदाच आले असतील. मला बरोबर घेऊन ते सरांच्या खोलीत गेले. भिंतीवर तैलचित्र होतं, खाली खुर्चीत तोच माणूस बसला.

"सर, मीर हुसेन नव्हता," कासिमभाई म्हणाले. "मी बनवला."

"आपण आधी पाणी घ्या," सर म्हणाले. सर वाईट नाहीत. त्यांचा पद्धतीवर विश्वास आहे, एवढंच. "कासिमभाई, अठ्ठ्याण्णव साली आपली स्मृती ताजी होती. आज आपण सत्तरीचे. संशोधनात आधीचं निवेदन जास्त विश्वसनीय धरतात."

"पण मीच सांगतोय ना."

"आपण साधन आहात. साधनाला स्वतःबद्दल मत नसतं. उद्या एखादा ताम्रपट उठून म्हणाला, मी खोटा आहे, तर आपण त्याचं ऐकायचं का?"

"ताम्रपटाला बायको नसते, सर."

सरांनी हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "एका बाजूला चौतीस प्रबंध आहेत, कासिमभाई. दुसऱ्या बाजूला आपण एकटे."

"चौतीसही मीच बांधलेत."

"म्हणजे त्यांची भक्कमता आपणही मान्य करता," सर म्हणाले, आणि हे त्यांनी विनोदाने म्हटलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात कासिमभाई मला म्हणाले, "मॅडम, माझ्याविरुद्ध माझीच साक्ष चालत नाही म्हणतात. मग कुणाची चालते?"

मला माझी स्लाइड आठवली आणि लाज वाटली. मी म्हटलं, "शोधू."

सुहानाने आधी फोनला विचारलं, हल्लीची मुलं तेच करतात. फोनने मीर हुसेनचा जन्म, मृत्यू आणि स्वभाव सांगितला. स्वभाव मनमिळाऊ होता. आधार म्हणून आमच्याच स्मृतिदिनाच्या स्मरणिकेचा दुवा आला. त्या स्मरणिकेच्या संपादक मंडळात माझं नाव आहे, हेही मला त्या दिवशीच कळलं.

मग मी म्हटलं, मीर हुसेन नव्हताच असं सिद्ध करू. जुनी दप्तरं ठेवतात त्या कचेरीत अर्ज केला. अठरा दिवसांनी शिक्का मारलेलं उत्तर आलं, 'सदर नावाची नोंद आढळून येत नाही.' आम्ही ते नाचवत सरांकडे नेलं. सर खूश झाले. त्यांनी स्वतःच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडून दाखवलं, शीर्षक होतं 'नोंदीचा अभाव: कारागिरांच्या उपेक्षेचा पुरावा'.

"नोंद नाही म्हणजे उपेक्षा झाली," सर म्हणाले, "आणि उपेक्षा व्हायला आधी माणूस असावा लागतो." त्यांनी पत्राची झेरॉक्स मागून घेतली. मीर हुसेनचा हा पस्तिसावा पुरावा आम्हीच नेऊन दिला होता.

आता पंधरा दिवस उरले होते. रडकुंडीला आलेल्या सुहानासमोर बसून मी सहज एक जुनं पुस्तक उघडलं, तर त्याला नुसतीच भोकं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत आमच्या ग्रंथालयाची चिठ्ठी होती: बांधणी, कासिमभाईंचं दुकान, १९७४. मी चक्रावले. कासिमभाईंची बांधणी आणि कसर? मग डोक्यात प्रकाश पडला. सात पिढ्यांचा हिंग असता तर चौऱ्याहत्तरच्या पुस्तकातही असता.

त्यानंतर तीन दिवस आम्ही जे केलं ते ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. मी बांधणीच्या नोंदवहीतून वर्षवार पुस्तकं काढली, सुहानाने भोकं मोजली आणि कासिमभाईंनी वास घेतला. ते डोळे मिटून पुस्तकाची पाठ नाकाशी धरायचे आणि वर्ष सांगायचे. "ब्याऐंशी. तेव्हा हिंग जरा जास्त पडायचा तिच्या हातून." "शहाऐंशी, पावसाळा." मग मीही हुंगू लागले, मग सुहाना. तिसऱ्या दिवशी प्राचार्य पाहुण्यांना ग्रंथालय दाखवायला घेऊन आले, तर तीन माणसं मराठ्यांच्या इतिहासात नाक खुपसून उभी. प्राचार्य म्हणाले, "आमच्याकडे ग्रंथांशी फार जवळचं नातं आहे." पाहुण्यांनी लिहून घेतलं.

तक्ता सुरेख झाला. १९७१ ते १९७८, एकशे बारा पुस्तकं, एकशे बारांना कसर. १९७९च्या जुलैपासून पुढे एकालाही नाही. निकाह त्या मे महिन्यातला. संदर्भ कसा द्यायचा याचा तेवढा घोळ झाला, कारण वासाचा संदर्भ देण्याची पद्धत कुठल्याच पुस्तिकेत नाही. सुहानाने 'घ्राण निरीक्षण' असं लिहिलं.

सरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. एक पुस्तक हुंगूनही बघितलं. त्यांना सर्दी होती.

"कसर हा कीटक आहे," ते शेवटी म्हणाले. "साक्षीदार नव्हे. यावरून १९७९ साली काहीतरी बदललं एवढंच ठरतं. कुणी बदललं, ते ठरत नाही. धाकटे मीर हुसेन यांची पद्धत मध्यंतरी लुप्त होऊन पुन्हा सुरू झाली असू शकते." मग त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच जरा नरम आवाजात बोलले. "सुहाना, मला तुमचं वाक्य काढायची हौस नाही. आजींचं नाव असलेली एक ओळ दाखवा. माणसाच्या हाताची, माझ्या प्रबंधाइतकी जुनी. एकच ओळ. मी सही करतो."

आम्ही दोघी कसब्यात गेलो. वर भाभी खळ ढवळत होत्या, कासिमभाई दारात उभे. मी विचारलं, "भाभी, कुठे काही लिहिलेलं आहे का? पत्र, वही, काहीही?"

"मी लिहीत नाही, सांगते," भाभी म्हणाल्या. "आणि सांगितलं होतं ना तेव्हाच, त्या झोळीवाल्या पोराला. मी चहा घेऊन खाली गेले होते. म्हटलं, हिंग मी घातला. त्याने लिहून पण घेतलं."

"मला नाही आठवत," कासिमभाई म्हणाले.

"तुम्हाला कसं आठवेल," भाभी म्हणाल्या आणि खळीकडे वळल्या, कारण ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात.

झोळीवाला पोर म्हणजे हिंमतराव सर. आणि त्याने लिहून घेतलं म्हणजे मुलाखतींच्या वह्यांत. सर विभागप्रमुख झाले त्या वर्षी त्यांनी त्या वह्या ग्रंथालयाला भेट दिल्या होत्या. प्राचार्यांबरोबर फोटो निघाला. मी वह्यांवर क्रमांक टाकले, काचेच्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली. तेरा वर्षं ती किल्ली कुणी मागितली नाही. सरांनंतरच्या तेहेतीस अभ्यासकांनी सरांचा आधार घेतला, पण सरांनी मुळात काय लिहून घेतलं होतं ते एकानेही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, आणि मी तर त्या कपाटावरची धूळ पुसते. दर जूनला मुलांना मूळ साधनापर्यंत जा म्हणून सांगणारी बाई मी. मला त्या वेळी स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. कासिमभाईही आले होते. तिसऱ्या वहीत, एक्केचाळिसाव्या पानावर, निळ्या शाईत सगळं होतं. सुहाना मोठ्याने वाचू लागली.

"'कासिमभाई: हिंग पूर्वज मीर हुसेन, कंसात प्रश्नचिन्ह, यांच्यापासून. सात पिढ्या.'" तिने श्वास घेतला. "'पत्नी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, हिंग मी घातला, लग्न झालं त्या वर्षी. समासात: अप्रस्तुत.'"

तिने टेबलावर हात आपटला. मलाही ओरडावंसं वाटत होतं, पण ग्रंथालयात शांतता राखा ही पाटी माझीच. मग सुहानाने पुढची ओळ मनात वाचली आणि ती वाचायची थांबली.

"पुढे काय आहे?" कासिमभाईंनी विचारलं.

तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बोट ठेवून वाचलं, म्हणून मलाही दिसलं. 'कासिमभाई, हसून: तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिला चुलीतलं कळतं, धंद्यातलं काय कळणार. दुकानातले सगळे हसले.'

कासिमभाईंनी वही जवळ ओढली. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला, पण कागद कुठल्या गिरणीचा ते सांगितलं नाही. "तीन गिऱ्हाइकं होती," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर बायकोने शिकवलं म्हणायची लाज वाटली मला. गर्दी होती म्हणून खोटं बोललो, असंच मी आजवर सांगत आलो. मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं."

सुहानाने त्यांच्या हातातली वही काढून घेतली. ती सरांच्या खोलीकडे निघाली, आणि मी तिच्यामागे.

सरांनी पान वाचलं. त्यांनी शिपायाकडून पाणी मागवलं, या वेळी स्वतःसाठी. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. पाणी आल्यावर म्हणाले, "प्रश्नचिन्हही मीच घातलं होतं. टायपिंगमध्ये ते गेलं." सव्वीस वर्षं प्रबंधांत आणि पुढे भिंतीवर, सभागृहात वावरलेला माणूस एका गळालेल्या प्रश्नचिन्हाने जन्माला आला होता. सरांनी तैलचित्राकडे पाहिलं, मग सुहानाकडे, आणि सही केली. मला त्या क्षणी सर आवडले, खोटं कशाला बोलू. अर्थात पद्धत त्यांनी सोडली नाही. तळटिपेत आधार म्हणून द्यायचं ते असं: 'हिंमतराव, क्षेत्रवही ३, पृष्ठ ४१.' म्हणजे जैनबभाभींनी केलेली गोष्ट जैनबभाभींनी केली, याला आधार हिंमतराव. आणि परिशिष्टात मूळ पानाची प्रत हवी, पूर्ण पानाची. पुढच्याच आठवड्यात सरांनी नव्या चर्चासत्राचं परिपत्रक काढलं, 'मीर हुसेन: अस्तित्व आणि प्रश्नचिन्ह', आणि ऐकते की त्यावर दोन मुलांनी नावं नोंदवलीत.

झेरॉक्स काढायला मी आणि कासिमभाई गेलो. मशीनवर पान ठेवताना मी हळूच म्हटलं, "कासिमभाई, खालच्या ओळीवर कोरा कागद ठेवला तर ती येणार नाही. भाभींची ओळ तेवढी येईल."

"असं चालतं?"

"चालत नाही. पण करतात."

हे मी बोलले, वीस वर्षांच्या स्लाइडसकट. त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता म्हणून बोलले. कासिमभाईंनी थोडा विचार केला. "तिची ओळ खरी धरायची तर माझीपण धरावी लागेल," ते म्हणाले. "पूर्ण पान काढा, मॅडम."

सुहानाच्या लघुप्रबंधाच्या पाच प्रती त्यांनी स्वतः बांधल्या. एकोणतीस तारखेला ग्रंथालयाची प्रत घ्यायला मी दुकानात गेले, तर ते एक प्रत हातात घेऊन जिन्यापाशी उभे होते. मला म्हणाले, "चला ना वर." एकट्याने जायची त्यांची हिंमत होत नव्हती, हे स्पष्ट दिसत होतं.

भाभी खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी ओले हात पुसले, चष्मा लावला. सुहानाने चौथ्या प्रकरणात खूण घातली होती. भाभींनी आपलं नाव वाचलं, वर्ष वाचलं, आणि "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, आता पुस्तक मिटतील. पण त्या पानं उलटत परिशिष्टापर्यंत गेल्या आणि ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या. बोट चहाच्या ओळीवरून पुढच्या ओळीवर गेलं. कासिमभाई दारातच उभे होते, आत येत नव्हते.

"हे पण लिहिलं होतं त्याने?" भाभींनी वर न बघता विचारलं.

"हो," कासिमभाई म्हणाले. "माझं चुकलं, जैनब."

"सगळे हसले, ते पण?"

"ते पण."

भाभींनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, हे फक्त माझ्याच लक्षात राहिलंय."